मशीन बसवायला मिशिगनला जायचंय: बी-१ व्हिसावर जाऊ की एल-१ साठी थांबू?

इंद्रायणीकाठ | ११ जानेवारी २०२६, रात्री ९:४०

नमस्कार. मी दहा वर्षं भोसरीतल्या एका कारखान्यात आहे. गाड्यांच्या सीटचे सांगाडे जोडणाऱ्या रोबोटिक वेल्डिंग लाइन आम्ही बनवतो. कंपनी मूळची युरोपातली, आणि मिशिगनमध्ये तिचीच एक कंपनी आहे. तिथल्या प्लांटसाठी तयार केलेली लाइन एप्रिलमध्ये जहाजावर चढेल. तिची सगळी फिक्स्चर्स (वेल्डिंगच्या वेळी भाग पकडून ठेवणारे साचे) आणि रोबोटचं प्रोग्रॅमिंग माझ्या टीमचं आहे. मी टीम लीड, हाताखाली चार जण, चौघेही पदवीधर इंजिनिअर.

एचआर म्हणतंय, "मॅडम, तुमच्याकडे दहा वर्षांचा बी-१/बी-२ आहेच. मे महिन्यात त्यावरच जा, लाइन उभी करून द्या. मग तिथेच थांबून वर्षभर प्रॉडक्शन सांभाळा, तोवर आपण मागून एल-१ करून टाकू."

(बी-१/बी-२ म्हणजे अमेरिकेत कामानिमित्त किंवा फिरायला थोड्या दिवसांसाठी जायचा व्हिसा, एल-१ म्हणजे आपल्याच समूहाच्या तिथल्या कंपनीत बदलीवर काम करायचा.) हे ऐकल्यापासून झोप नीट लागत नाही. जॉर्जियातल्या बॅटरी कारखान्यावर सप्टेंबरमध्ये धाड पडली, तिथेही माणसं मशीनच बसवत होती ना? शिवाय घरचा प्रश्न आहेच. नवरा फिजिओथेरपिस्ट, चिंचवडला स्वतःचं क्लिनिक. मुलगी सोळा वर्षांची, अकरावीत. वर्षभर जायचं तर तिघांनी जायचं असं ठरलंय. त्याला तिथे काम करता येईल का? मुलीचं काय? ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

साकव | ११ जानेवारी, रात्री १०:१५

ताई, एवढं घाबरू नका. आमच्या कंपनीतून दरवर्षी आठ-दहा जण बी-१ वर जातात. एअरपोर्टवर "बिझनेस मीटिंग" एवढंच सांगायचं. आजवर कुणाला काही झालेलं नाही.

ट्रॉयवासी | ११ जानेवारी, रात्री ११:५०

साकव, हा सल्ला कृपया कुणाला देऊ नका. मी सोळा वर्षं मिशिगनमध्ये ऑटोमोटिव्ह क्षेत्रात आहे. असं "मीटिंग" सांगून आलेल्या एकाला डेट्रॉइटच्या विमानतळावरून परत पाठवलेलं मी पाहिलंय. त्याच्या बॅगेत सेफ्टी शूज आणि टीच पेंडंटची (रोबोटला शिकवायच्या हातातल्या रिमोटची) केबल निघाली. अधिकाऱ्यासमोर खोटं बोलल्याची नोंद झाली, की ती पुढच्या प्रत्येक अर्जात त्या माणसाच्या मागे येते. कंपनी दुसरा माणूस पाठवते, भोगतो तो एकटा.

इंद्रायणीकाठ, तुमच्या प्रश्नात दोन वेगळी कामं आहेत आणि एचआरने त्यांची मोट बांधली आहे. ती आधी सोडवू.

पहिलं काम लाइन उभी करण्याचं. बी-१ मध्ये याला खरोखर जागा आहे. अमेरिकेबाहेरच्या कंपनीने मशीन विकलं असेल, बसवून देणं आणि चालू करून देणं विक्रीच्या करारातच लिहिलेलं असेल, त्या कामाला लागणारं खास ज्ञान तुमच्याकडे असेल आणि पगार भारतातूनच मिळत राहणार असेल, तर बी-१ वर मशीन बसवता येतं. तिथल्या कामगारांना शिकवताही येतं. बांधकाम मात्र स्वतःच्या हाताने करता येत नाही. पाया खणणं, प्लांटची वायरिंग ओढणं ही कामं तिथल्या लोकांनीच करायची, तुम्ही फार तर देखरेख करायची. म्हणून पहिली चौकशी ही करा: पुण्याच्या कंपनीने मिशिगनच्या कंपनीला लाइन रीतसर विकली आहे का, आणि परचेस ऑर्डरमध्ये इन्स्टॉलेशन व कमिशनिंगचं कलम आहे का?

दुसरं काम वर्षभर प्रॉडक्शन सांभाळण्याचं. ही अमेरिकेतल्या कंपनीची रोजची नोकरी झाली, आणि ती बी-१ वर करता येत नाही. पगार पुण्यात जमा होतो एवढ्याने ते काम बी-१ मध्ये बसत नाही.

अबोली | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

जॉर्जियाबद्दल लिहिते, कारण त्या बातमीची अर्धीच बाजू सगळीकडे फिरते आहे. ४ सप्टेंबर २०२५ ला सव्हानाजवळ एलाबेल इथल्या ह्युंदाई-एलजीच्या बॅटरी प्रकल्पावर धाड पडली. सुमारे ४७५ जणांना ताब्यात घेतलं, त्यात तीनशेहून जास्त दक्षिण कोरियाचे नागरिक होते. काही जण बी-१ वर आले होते, काही व्हिसामाफीच्या योजनेतून. मुदत संपलेलेही होते. सगळ्यांची गोष्ट एक नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस दोन्ही देशांची बैठक झाली. कोरियन कंपन्यांनी पाठवलेली उपकरणं बसवणं, त्यांची देखभाल, दुरुस्ती हे बी-१ वर चालतं, असं अमेरिकेने तिथे स्पष्ट केलं. नियम आधीपासूनच होता. पण साखळ्या घालून बसमध्ये बसवलेल्या माणसाला तो नियम त्या क्षणी उपयोगी पडला नाही. म्हणून विक्री कराराची प्रत, कंपनीचं पत्र आणि परतीचं तिकीट जवळच ठेवा. मेलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका, छापील ठेवा.

जांभूळवन | १२ जानेवारी, दुपारी १:३०

एच-१बी, म्हणजे अमेरिकन कंपनीत नोकरी करायचा व्हिसा, का नाही? त्यात नोकरी तरी बदलता येते. एल-१ म्हणजे एकाच कंपनीच्या दावणीला बांधून घेणं.

ट्रॉयवासी | १२ जानेवारी, रात्री ९:१०

दावणीचं म्हणणं खरं आहे, त्यावर नंतर येतो. पण यांच्यासाठी एच-१बीचं वेळापत्रकच जुळत नाही. वर्षाला ६५,००० अधिक अमेरिकेतून मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० जागा. नोंदणी मार्चमध्ये, निवड झाली तर कामाला सुरुवात १ ऑक्टोबरपासून. लाइन तर मे महिन्यात पोचणार. पूर्वी निवड निव्वळ सोडतीने व्हायची, यंदापासून पगाराच्या पातळीचं वजन आलं आहे. चौथ्या पातळीच्या पगाराला चार चिठ्ठ्या, पहिल्या पातळीला एक. त्यात १९ सप्टेंबर २०२५ ची राष्ट्राध्यक्षांची घोषणा. अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवा एच-१बी अर्ज करायचा तर कंपनीने १ लाख डॉलर भरायचे, म्हणजे नव्वद लाख रुपयांच्या आसपास. एका टीम लीडसाठी कुठला कारखाना एवढे पैसे मोजेल?

एल-१ ला जागांची मर्यादा नाही, सोडत नाही आणि त्या घोषणेतली रक्कमही लागू नाही. गेल्या तीन वर्षांत सलग एक वर्ष त्याच समूहाच्या परदेशी कंपनीत काम केलेलं हवं. यांची दहा वर्षं झाली आहेत.

मात्र ए की बी हे आत्ताच ठरवा. एल-१बी विशेष ज्ञानासाठी, कमाल पाच वर्षं. एल-१ए व्यवस्थापकासाठी, कमाल सात वर्षं. नुसता सुपरवायझर व्यवस्थापकात धरत नाहीत, पण हाताखालची माणसं पदवी लागणारी, व्यावसायिक कामं करणारी असतील तर धरतात. तुमचे चौघे तसे आहेत. त्यांच्या रजा, मूल्यमापन, नेमणूक यांवर तुमचा अधिकार कागदावर दिसतो का? आणि तिथेही तुमच्या हाताखाली अशी टीम असणार का? दोन्हीला "हो" असेल तर वकिलाला एल-१ए तपासायला सांगा. पुढे कधी ग्रीन कार्डचा विचार आलाच तर त्या वाटेची रांग भारतीयांसाठी बरीच छोटी आहे.

टीम तिथे नसेल तर ओढूनताणून ए करू नका. एल-१बी मध्ये "हुशार इंजिनिअर आहे" हे पुरत नाही. ही फिक्स्चर्स कुणी बनवली, हे ज्ञान बाजारात का मिळत नाही, दुसऱ्याला शिकवायला किती महिने लागतील, हे सगळं लिहावं लागतं. ड्रॉइंगवरच्या तुमच्या सह्या, तुम्ही घेतलेली प्रशिक्षणं, ट्रायआउटचे रिपोर्ट आजपासूनच गोळा करायला लागा. आरएफई, म्हणजे आणखी पुराव्यांची मागणी, आली की हेच मागतात.

साकव | १३ जानेवारी, सकाळी ८:२०

आधीच्या प्रतिसादाबद्दल ट्रॉयवासींचं म्हणणं पटलं, शब्द मागे घेतो. एक विचारतो. एल-१बी वर आल्यावर यांना गिऱ्हाइकाच्या प्लांटवर, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीत, कायमचं बसवता येतं का? आमच्याकडे तसं बोललं जातं.

अबोली | १३ जानेवारी, सकाळी ८:५५

नाही. २००४ च्या कायद्याने ते बंद केलंय. मुख्यतः दुसऱ्या कंपनीच्या जागेत बसून, तिच्याच देखरेखीखाली काम असेल किंवा निव्वळ मनुष्यबळ पुरवल्यासारखं असेल, तर एल-१बी मिळत नाही. मिळाल्यावर तसं केलं तर तोही भंगच. पाहणीसाठी अधिकारी प्लांटवर न कळवता येऊ शकतात. इंद्रायणीकाठ, कामाची जागा कोणती ते अर्जात वाचूनच सही करा.

कोकम_सरबत | १३ जानेवारी, दुपारी ४:१०

थोडं अवांतर. आमच्या गोव्यात अनेकांनी पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेत. भारताचा अमेरिकेशी तसा करार नसल्यामुळे भारतीय नागरिकाला ई-१, ई-२ हे व्यापार-गुंतवणुकीचे व्हिसा मिळत नाहीत, पण डिसेंबर २०२२ च्या कायद्याने पोर्तुगालचा त्यात समावेश झाला. माझ्या मावसभावाला वाटलं, आता कुठल्याही कंपनीत नोकरी धरता येईल. तसं नाही. कंपनीची किमान निम्मी मालकीही पोर्तुगीज नागरिकांकडे हवी. तसंच कॅनडात राहणाऱ्यांसाठी: टीएन हा नोकरीचा व्हिसा फक्त कॅनडा आणि मेक्सिकोच्या नागरिकांना मिळतो, तिथल्या पीआर (कायम रहिवासाच्या) कार्डावर नाही.

नर्मदेची_आई | १३ जानेवारी, रात्री ११:३०

मला मुलीबद्दल लिहायचंय. नवरा एच-१बी वर, मी आणि मुलगी एच-४ वर, म्हणजे त्याच्या कुटुंबासाठीच्या व्हिसावर. ती दुसरीत असताना आलो. वर्गातल्या मैत्रिणींसारखीच वाढली, मराठी शाळेत बाराखडी शिकली, गणपतीत लेझीम खेळली. आमचा ग्रीन कार्डचा अर्ज २०१४ चा. रोजगारावर मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा असल्यामुळे भारताची रांग पुढे सरकत नाही. मागच्या वर्षी ती एकवीस वर्षांची झाली आणि त्या दिवसापासून आमच्या अर्जातून बाहेर पडली. आता एफ-१ वर विद्यार्थिनी म्हणून आहे, फी परदेशी विद्यार्थ्याची भरतो. तिला भारतात कुठे जायचं, काय करायचं, काहीच ठाऊक नाही. ती विचारते, "मी नक्की कुठली?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही.

इंद्रायणीकाठ, तुमची मुलगी सोळाची आहे. वर्षभरासाठीच जात असाल तर छान अनुभव आहे, एल-२ वर (एल-१ वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) ती तिथल्या सरकारी शाळेत जाऊ शकते. नोकरी मात्र तिला करता येणार नाही, उन्हाळ्यातली छोटी नोकरीसुद्धा नाही. पण "वर्षभर जाऊ, मग बघू" असं म्हणत तिची बारावी अर्धवट सोडू नका. पाच वर्षांत ती एकवीसची होईल. तिला समोर बसवून हे सगळं सांगा. आम्ही आमच्या मुलीला सांगितलं नव्हतं.

इंद्रायणीकाठ | १४ जानेवारी, रात्री १०:००

ताई, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघांनी मिळून वाचला. मुलीलाही वाचायला दिला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "अकरावीची परीक्षा देऊनच येते, आणि बारावी कुठे करायची ते आत्ता ठरवू." तुम्ही लिहिलंत म्हणून हे बोलणं झालं.

नवऱ्याच्या कामाबद्दल कुणी सांगेल का?

ट्रॉयवासी | १५ जानेवारी, सकाळी ६:४०

या बाबतीत एल-१ एच-१बीपेक्षा खूप बरा. एल-२ जोडीदाराला काम करायची मुभा आपोआपच असते. आय-९४ वर, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीवर, "एल-२एस" असं छापलेलं असलं की तोच पुरावा, वेगळं वर्क परमिट काढावं लागत नाही. २०२१ च्या अखेरीस एका दाव्याच्या तडजोडीतून हा बदल झाला. एच-४ ला मात्र मुख्य व्यक्तीचा आय-१४० (कंपनीने तिच्या ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज) मंजूर झाल्यावर, किंवा तिचा एच-१बी सहा वर्षांपुढे वाढवून मिळाला असेल तरच, परमिट मागता येतं.

अबोली | १५ जानेवारी, सकाळी ९:१५

पण कामाची मुभा आणि व्यवसायाचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी स्वतः फिजिओ आहे. त्यांना पदवीचं मूल्यांकन करून घ्यावं लागेल, एनपीटीई ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागेल आणि मग राज्याचा परवाना. मला यात दीड वर्ष गेलं. वर्षभरासाठी जात असाल तर ते फिजिओ म्हणून काम करू शकणार नाहीत असंच धरून चाला, आणि क्लिनिक बंद करण्याऐवजी कुणा विश्वासू सहकाऱ्याकडे सोपवा.

जांभूळवन | १५ जानेवारी, दुपारी २:००

दावणीबद्दल माझा अनुभव लिहितो. मी एल-१बी वर ओहायोत होतो. तिसऱ्या वर्षी आमचा विभाग बंद झाला. नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवस थांबता येतं, आय-९४ त्याआधी संपत असेल तर तितकंच. एच-१बी वाला तेवढ्यात दुसरी कंपनी शोधतो, नव्या कंपनीने अर्ज दाखल केला की कामाला लागतो. मला तो रस्ता नव्हता, कारण मी सोडतीत कधी निवडलाच गेलो नव्हतो. मुलाच्या शाळेचं वर्ष संपायला पाच आठवडे होते. घर, गाडी, सामान सगळं विकून आलो.

आणखी एक. एच-१बी मध्ये त्या भागातला प्रचलित पगार द्यायचं बंधन असतं, त्यासाठी कामगार खात्याकडे एलसीए हा अर्ज असतो. एल-१ ला तसं बंधन नाही. पगार तुम्हालाच बोलून घ्यावा लागतो. मी भारतातला पगार अधिक भत्ता यावर "हो" म्हटलं आणि तिथे गेल्यावर कळलं, की शेजारच्या टेबलावरचा माणूस माझ्या दुप्पट घेतो. पगार कुठल्या देशात जमा होणार, तिघांचा आरोग्य विमा कोण भरणार, कंपनीने मधेच परत बोलावलं तर परतीचं भाडं आणि घराचा करार कुणाच्या माथी, हे लेखी घ्या. पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअरचे (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) मिळून ७.६५ टक्के कापले जातात. भारत-अमेरिका यांच्यात त्याबाबत करार नाही, त्यामुळे दहा वर्षांच्या आत परतलात तर त्या पैशांचं पेन्शन मिळत नाही. हिशेब करताना तेवढे वजा धरा.

पाटाचं_पाणी | १५ जानेवारी, रात्री ८:४५

कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा म्हणजे दार उघडायची परवानगी. आत किती दिवस राहायचं ते आय-९४ वर असतं. माझा अर्ज तीन वर्षांसाठी मंजूर, व्हिसाही तेवढाच, पण पासपोर्ट आठ महिन्यांत संपणार होता. अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला. मी पाहिलंच नाही. गाडीच्या लायसन्सचं नूतनीकरण करायला गेले तेव्हा खिडकीतल्या बाईने सांगितलं, "तुमची मुदत सात आठवड्यांपूर्वीच संपली." पायांखालची जमीन सरकली. १८० दिवस उलटले असते आणि मग मी देश सोडला असता, तर तीन वर्षं परत येता आलं नसतं. वकील, नवा अर्ज, चार महिने जीव टांगणीला.

प्रत्येक प्रवेशानंतर त्याच दिवशी तिघांचेही आय-९४ सरकारी वेबसाइटवर उघडून तारखा बघा.

आणि नावाचं पाहा. माझी पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची प्रत बरोबर होती म्हणून मुलाखतीत दोन मिनिटांत निभावलं.

इंद्रायणीकाठ | १९ जानेवारी, रात्री ९:२०

आज एचआर आणि प्लांट हेड दोघांशी बोलले. इथले मुद्दे वहीत लिहून नेले होते. परचेस ऑर्डर काढून बघितली. लाइनच्या किमतीत इन्स्टॉलेशन धरलेलं आहे, पण कोण करणार आणि किती दिवस याचा उल्लेखच नाही. प्लांट हेड म्हणाले, सुधारून घेऊ. मी म्हटलं, सर, सुधारा, पण वर्षभर राहायचं तर मी एकदाच आणि एल-१ वरच जाईन. बी-१ वर जाऊन तिथे थांबणार नाही. आवाज थरथरत होता पण बोलले.

त्यांनी मान्य केलं. कंपनीचा वकील पुढच्या आठवड्यात बोलणार आहे. जास्तीची फी भरून अर्ज केला तर पंधरा कामकाजी दिवसांत निर्णय किंवा आरएफई येते म्हणे. व्हिसा मिळायला उशीर झालाच, तर टीममधला एक जण सुधारलेल्या करारावर बी-१ ने सहा आठवडे जाईल, लाइन उभी करून परत येईल. मिशिगनला तीन प्रोसेस इंजिनिअर माझ्याकडे रिपोर्ट करणार आहेत, म्हणून एल-१ए तपासणार. पगार तिथल्या पेरोलवर मागितला आहे, उत्तर यायचंय.

ट्रॉयवासी | १९ जानेवारी, रात्री ११:०५

फार चांगलं केलंत. तो वकील कंपनीचाही आहे हे लक्षात ठेवा. अर्ज जाण्याआधी कंपनीचं पत्र पूर्ण वाचायला मागा. मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखतीला त्यातलंच विचारतील, आणि पत्रात "संपूर्ण विभाग सांभाळते" असं फुगवून लिहिलेलं असेल तर उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. ऑबर्न हिल्स, ट्रॉय या भागात आलात तर कळवा. हिवाळ्याचे कोट, शाळेचा पत्ता, मंडळाचा गणपती, सगळी माहिती देतो.

इंद्रायणीकाठ | २० जानेवारी, सकाळी ७:३०

मनापासून आभार सगळ्यांचे. पाटाचं_पाणी, तुमचं वाचून काल रात्री तिघांचे पासपोर्ट काढून बसलो. आमचे दोघांचे २०३१ पर्यंत आहेत. मुलीचा या ऑक्टोबरमध्येच संपतोय. पंधरा वर्षं पूर्ण झाली की दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो असं कळलं. आज मुंढव्याच्या कार्यालयाची तारीख घेते.